आईच्या ४१ कॅसेट्स : पाड्यावरचे ज्ञान पाड्यावर परत कसे न्यावे?

जुनी_वही (प्रश्नकर्ती)

नमस्कार. माझी आई मुंबईच्या उपनगरातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. १९८६ ते १९९८ या काळात ती रविवारी आरे वसाहतीतील आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील वारली पाड्यांवर जाई, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत डहाणू व जव्हार तालुक्यांत. रानभाज्या, कंद, औषधी मुळ्या, पावसाचे अंदाज, कोणते झाड का तोडायचे नाही, या विषयांवर ती लोकांना बोलते करी आणि ते बोलणे कॅसेटवर घेई. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या कपाटातून ४१ कॅसेट्स, १७ वह्या, बुरशी धरू लागलेल्या पारदर्शिकांचे काही डबे आणि वर्तमानपत्रांत दाबून ठेवलेल्या वनस्पतींची तीन बोचकी निघाली.

गेल्या पावसाळ्यात मी त्यांतील काही कॅसेट्स ऐकल्या. एका कॅसेटमध्ये एक बाई शेवळाची भाजी सांगते आहे : काकडाची फळे घातल्याशिवाय घशाची खाज कशी जात नाही, आणि शेवळ उपटायचे नसून वरून खुडायचे, कारण खाली कंद राहिला तरच पुढच्या मृगात ते पुन्हा डोके वर काढते. आम्ही दरवर्षी जूनमध्ये स्टेशनबाहेर शेवळाची जुडी आणि काकडाचा वाटा विकत घेतो. परंतु त्यामागे एवढा विचार असेल, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते.

आता एका ग्रंथालयाने हे सर्व डिजिटल करून देण्याची तयारी दाखवली आहे. अट अशी की, मूळ सामग्री त्यांच्याकडे राहील आणि सर्व ध्वनिफिती त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतील. त्यांचा हेतू चांगला आहे, तरीही माझा पाय मागे ओढतो. आईने तेव्हा ‘टेप लावू का?’ असे विचारले होते आणि लोकांनी ‘लाव’ म्हटले होते, हे कॅसेटमध्येच ऐकू येते. मात्र १९८९ साली एका बाईने ओटीवर बसून दिलेला तो होकार आजच्या इंटरनेटला लागू पडतो, असे मला वाटत नाही.

दुसरे कारण सांगणे अधिक अवघड आहे. कॅसेट क्रमांक २३ मध्ये एक वृद्ध भगत बोलता बोलता थांबतात आणि म्हणतात, ‘आता ते बंद कर, पोरी.’ त्यानंतर फीत आणखी अकरा मिनिटे चालू आहे. आईच्या वहीत त्या पानावर एवढेच लिहिले आहे : ‘बंद करायचे राहिले.’ ते चुकून राहिले की मुद्दाम, हे विचारायला आता आई नाही. मी ती अकरा मिनिटे ऐकली, आणि ऐकायला नको होती असे तेव्हापासून वाटते.

माझे प्रश्न असे : आधी काय करावे? परत द्यायचे तर कोणाला, कारण वह्यांत नोंदलेले काही पाडे आज त्या जागी नाहीत? आणि ‘परत देणे’ म्हणजे नेमके काय. एक हार्ड डिस्क नेऊन कोणाच्या तरी हातावर ठेवणे का?

फीत_दुरुस्ती

ताई, आधी जे थांबणार नाही त्याविषयी लिहितो. परत कोणाला द्यायचे हे ठरायला वर्ष लागले तरी चालेल. मुंबईच्या दमट हवेतली बुरशी मात्र तेवढे थांबणार नाही. मी दादरला अनेक वर्षे ध्वनिमुद्रणाचे काम करतो आणि घरोघरच्या कॅसेट्स माझ्याकडे बहुधा एक पावसाळा उशिरा येतात.

प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेवरच्या दोन बारीक चकत्या आजच तोडून टाका, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरा थर दिसत असेल, तर ती कॅसेट अजिबात लावू नका. ती वेगळ्या पिशवीत ठेवा, नाहीतर बुरशी यंत्रातून बाकीच्या चाळीसांत जाईल. बाजारात मिळणारे स्वस्त यूएसबी प्लेअर वापरू नका. त्यांची गती स्थिर नसते आणि ते फीत खाण्यात पटाईत असतात. एखादा चांगला जुना डेक दुरुस्त करून घ्यावा, त्याचे पट्टे बदलावेत, हेड (फीत वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन नव्याने जुळवावा. या शेवटच्या गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते आणि मग सगळे बोलणे रजईखालून आल्यासारखे ऐकू येते.

मूळ प्रत वेव्ह स्वरूपात, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झने घ्यावी. स्टीरिओत एका तासाला सुमारे दोन जीबी जागा लागते. तुमच्या ४१ कॅसेट्सपैकी तीस जरी साठ मिनिटांच्या आणि उरलेल्या नव्वद मिनिटांच्या धरल्या, तरी एकूण साडेसेहेचाळीस तास होतात, म्हणजे शंभर जीबीच्याही आत. ऐकण्यासाठीच्या एमपी३ प्रती तर पावणेतीन जीबीत बसतील आणि साध्या फोनच्या मेमरी कार्डवर मावतील. तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असू द्या आणि त्यांतली एक घराबाहेर, शक्यतो दुसऱ्या गावी ठेवा. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा) काढून लिहून ठेवा आणि वर्षातून एकदा तो जुळतो का ते पाहा. फाइलीही न बोलता सडतात.

एक विनंती. मूळ प्रतीतला ‘गोंगाट’ काढू नका. ज्यांना आपण गोंगाट म्हणतो त्यांत बेडूक आहेत, रातकिडे आहेत, पावशा आहे. १९९१ च्या जूनमध्ये त्या ओढ्याकाठी कोण ओरडत होते, याची ती आपोआप झालेली नोंद आहे. साफसफाई करायची ती ऐकण्याच्या प्रतीत करा.

वह्या, पारदर्शिका, दाबलेली झाडे आणि फिती यांचे क्रमांक एकमेकांपासून तोडू नका. आईने वहीत ‘नमुना ११२, कॅसेट ९’ असे लिहिले असेल, तर त्या दोन गोष्टींची किंमत एकत्र असेपर्यंतच आहे. नमुने ओळखण्यासाठी सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियमसारखी, १९०६ पासून चालत आलेली जागा शहरातच आहे.

खुले_दालन

मला ग्रंथालयाचा प्रस्ताव वाटतो तेवढा वाईट वाटत नाही. हळदीचे उदाहरण आठवावे. जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले आणि ते १९९७ मध्ये रद्द झाले, कारण हा वापर आपल्याकडे पूर्वीपासून लिखित स्वरूपात आहे हे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने दाखवून दिले. याच अनुभवातून २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. जे प्रसिद्ध झालेले आहे, त्यावर कोणी नव्याने मालकी सांगू शकत नाही. तुम्ही जे कुलुपात ठेवाल ते बुरशी खाईल, किंवा कोणीतरी ते आपल्या नावावर करील. शिवाय जव्हारच्या वसतिगृहात शिकणाऱ्या वारली मुलाला स्वतःच्या आजोबांचा आवाज ऐकायचा असेल, तर खुल्या संकेतस्थळाहून सोपा मार्ग कोणता?

पाड्यावरची_शिक्षिका

मी वारली आहे, आरेतल्या एका पाड्यावर वाढले आणि आता महानगरपालिकेच्या शाळेत शिकवते. कदाचित तुमच्या आईंना मी लहानपणी पाहिलेही असेल. सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन येणाऱ्या बाई आमच्याकडे दोन-तीन होत्या आणि आम्हा पोरांना त्या सगळ्या ‘टेपवाल्या बाई’च होत्या.

खुले_दालन यांनी आमच्या मुलाची काळजी केली, हे चांगले आहे. परंतु त्या मुलाला आजोबांचा आवाज सापडणार कसा? संकेतस्थळावर त्यांचे नाव नसते. तिथे असते ‘वारली पुरुष, अंदाजे ६५ वर्षे, आरे’. मी अशा छायाचित्रांचे एक प्रदर्शन शहरात पाहिले आहे, त्यात माझी सख्खी चुलती होती आणि तिच्याखाली ‘सरपण नेणारी आदिवासी स्त्री’ असे लिहिले होते. म्हणून जुनी_वही ताई, परत करायचेच असेल, तर सगळ्यांत आधी नावे परत करा. त्यासाठी हार्ड डिस्क लागत नाही. दोन-तीन कॅसेट्स आणि एक बरा स्पीकर घेऊन संध्याकाळी या. म्हातारी माणसे आवाज ऐकून सांगतील की, ही अमक्याची आई, हा तमक्याचा आजा. जे बोलले त्यांच्या घरची माणसे अशी एकेक करून सापडतील, आणि मग कोणाला परत द्यायचे हा प्रश्न निम्मा राहील.

तुम्हाला वाटते की, लोकांना औषधांची माहिती हवी असेल. काहींना हवी असेल. पण मला वाटते, आधी मागणी येईल ती ठिकाणांच्या नावांची. दुग्धवसाहत १९४९ साली आली, फिल्मसिटी १९७७ साली आली, त्यानंतर काय काय आले हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेच असेल. आणि दर वेळी एखादा ओहोळ, एखादी चरणीची जागा, एखादे देवाचे झाड नकाशावरून पुसले गेले, कारण नकाशावर त्याला नावच नव्हते. आमच्या बोलीत मात्र ते होते. तुमच्या आईंनी ‘कुठे मिळते?’ असे विचारले असेल आणि कोणीतरी त्या जागेचे नाव घेऊन उत्तर दिले असेल. ती नावे आज आमच्या कामाची आहेत, कधी कधी सरकारी कचेरीतल्या टेबलावरही.

आता न दाखवण्याच्या गोष्टी. सगळेच गुपित असते असे नाही. शेवळाची भाजी, टाकळा, करटोली, कडूकंद राखेत उकळून त्याचा कडवटपणा कसा काढायचा, हे आमच्या बाया बाजारात उभ्या राहून कोणालाही सांगतात. ते लोकांनी जरूर ऐकावे. लग्नात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, जे गाते, ते तिच्या गाण्याच्या जागी आणि वेळी असते. त्याविषयी धवलेरींनाच विचारावे लागेल. आणि भगताचे ज्ञान भगत ज्याला देतो त्याचे. यांतले काय कुठल्या खणात ठेवायचे, हे ग्रंथालय ठरवू शकणार नाही, मीही ठरवू शकणार नाही. मी शिकलेली आहे म्हणून सगळे मला विचारतात, हीही एक अडचणच आहे. जी बोलली ती बाई माझ्याहून जास्त जाणती होती.

सफेद मुसळीच्या एका जातीचे शास्त्रीय नाव आपल्या बोरिवलीवरूनच ‘बोरिविलिएनम’ असे ठेवले आहे, हे तुमच्या आईंना नक्कीच ठाऊक असेल. मुसळीला बाजारात भाव आला तेव्हा कितीतरी रानांतून ती मुळासकट उपसून नेली गेली. त्यासाठी पेटंटची गरजही लागली नाही, आणि मुसळी गेली. खुल्या दालनात कोण कोण शिरते, एवढाच माझा प्रश्न आहे.

अकरा मिनिटांविषयी. त्यांची प्रत करू नका आणि ती पुसूही नका. त्या भगतांच्या घरचे कोण आहे, ते आपण शोधू.

फीत_दुरुस्ती

कॅसेट २३ बाबत एक तांत्रिक शक्यता सांगून ठेवतो. न ऐकताही प्रत करता येते : स्पीकर बंद ठेवायचा आणि केवळ मीटरचा काटा पाहायचा. बुरशीची भीती असेल तर हा मार्ग आहे. पण शिक्षिका ताईंनी ‘प्रत करू नका’ असे स्पष्ट लिहिले आहे, आणि ते वाचल्यावर मला विचारल्याशिवाय काटासुद्धा पाहावासा वाटत नाही. वाचवणे आणि राखणे या दोन गोष्टी एकच आहेत असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो.

नोंदवही_सदस्य

पालघर जिल्ह्यातल्या काही गावांच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांच्या (गावातील जीवसृष्टी आणि तिच्याविषयीचे लोकांचे ज्ञान नोंदवणाऱ्या वह्यांच्या) कामात मी होतो, त्या अनुभवातून लिहितो.

खुले_दालन यांचा पेटंटचा मुद्दा अर्धाच लागू पडतो. ते डिजिटल ग्रंथालय आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ग्रंथबद्ध परंपरांवर उभे आहे. पाड्यावरच्या मौखिक ज्ञानाचा त्यात समावेश नाही. गंमत म्हणजे तेही सर्वांना खुले नव्हते. करार केलेल्या पेटंट कार्यालयांनाच ते पाहता येई, आणि इतरांना ते टप्प्याटप्प्याने पाहू देण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२२ साली मान्यता दिली. दुसरे असे की, आपल्या पेटंट कायद्यातील कलम २५ नुसार स्थानिक समुदायातील ‘मौखिक किंवा अन्य’ ज्ञान हेदेखील पेटंटला हरकत घेण्याचे कारण ठरते. त्यामुळे तारखेसह नीट जपलेली, पण बंद ठेवलेली ध्वनिफीतसुद्धा पुरावा म्हणून पुढे आणता येईल. त्यासाठी ती जगाला ऐकवलीच पाहिजे असे नाही.

कायद्याने कॅसेट्स कोणाच्या, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, तरीही सांगतो, कारण ग्रंथालय तुमच्याकडून सही घेईल. ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क सामान्यतः मुद्रण करणाऱ्याचा, म्हणजे आईंचा आणि त्यांच्यामागे वारसांचा. गाणाऱ्यांचा सादरकर्ता म्हणून ५० वर्षांचा वेगळा हक्क असतो. म्हणजे १९८९ साली गायलेल्या गीतावर त्या बायांचा आणि त्यांच्या वारसांचा हक्क आजही जिवंत असू शकतो, आणि त्यावर तुम्ही एकटीने सही करून चालणार नाही. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३ मध्ये जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समुदायाचा सामूहिक बौद्धिक संपदा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. तो वापरायचा कसा, हे मात्र कोणी नीट शिकवलेले नाही.

‘कोणाला परत द्यायचे’ याचे उत्तर डहाणू-जव्हारमध्ये तुलनेने सोपे आहे. ते अनुसूचित क्षेत्र आहे, पेसा (अशा क्षेत्रांतील पंचायतींचा आणि ग्रामसभांचा कायदा) लागू आहे, ग्रामसभा आहे. मुंबईत पाडे आहेत पण ग्रामपंचायत नाही. या नोंदवह्या करणारी जैवविविधता व्यवस्थापन समिती असते ती महानगरपालिकेच्या पातळीवरची, आणि पाड्यापासून ती फार उंचावर असते. त्यात राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील वस्त्यांवर १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कारवाई झाली आणि पुढे कित्येकांना चांदिवलीला घरे मिळाली, त्यामुळे काही आवाजांची घरे तुम्हाला इमारतींच्या मजल्यांवर शोधावी लागतील. अशा ठिकाणी ‘संस्था’ शोधण्यापेक्षा घराणी शोधावीत, हा शिक्षिका ताईंचाच मार्ग मला बरोबर वाटतो.

लोक जैवविविधता नोंदवहीत हे सर्व घालून टाका, असे तुम्हाला कोणी सुचवील. घाई करू नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत आणि त्यापुढे दरमहा दहा लाख रुपयांचा भुर्दंड ठरवल्यानंतर देशभर नोंदवह्या झपाट्याने भरल्या गेल्या. मी स्वतः अशा वह्या पाहिल्या आहेत, ज्यांत शेजारच्या गावाची यादी जशीच्या तशी उतरवली होती, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. माधव गाडगीळांनी ज्या वहीची कल्पना मांडली, ती लोकांनी बसून बोलत बोलत भरायची होती.

बाहेरची दोन उदाहरणे उपयोगी पडतील. ऑस्ट्रेलियातील टेनंट क्रीक येथील वारुमुंगु लोकांबरोबर काम करताना ‘मुकुर्तु’ नावाची संगणकप्रणाली तयार झाली. त्यांच्या भाषेत हा शब्द मौल्यवान वस्तू सांभाळून ठेवण्याच्या पिशवीसाठी आहे. तिच्यात प्रत्येक छायाचित्राला किंवा ध्वनिफितीला कोणत्या घराण्याने, स्त्रियांनी की पुरुषांनी, कोणत्या प्रसंगी पाहावे, याचे नियम समुदाय स्वतः लावतो. ती विनामूल्य आहे, पण चालवायला कोणीतरी लागते. पाड्यावर तसे माणूस नसेल तर मेमरी कार्ड बरे. दुसरे उदाहरण अमेरिकेतील मेन राज्यातल्या पासामाक्वोडी लोकांचे. जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी १८९० साली मेणाच्या नळकांड्यांवर त्यांची गाणी घेतली होती. सव्वाशे वर्षांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती पुन्हा डिजिटल केली, तेव्हा कोणते गीत सर्वांसाठी खुले राहील आणि कोणते नाही, हे पासामाक्वोडींनी ठरवले आणि त्यांच्या अटी ग्रंथालयाच्या पानावर लेबलांच्या रूपाने लागल्या. लेबल म्हणजे कायदा नव्हे, कुलूपही नव्हे. पण ऐकणाऱ्याला तो कोणाच्या ओटीवर उभा आहे हे तरी कळते.

ग्रंथालयाला नाही म्हणू नका, अटी बदलायला सांगा. मूळ कॅसेट्स देणगी म्हणून न देता ठेव म्हणून द्या, म्हणजे त्या परत मागता येतील. संकेतस्थळावर सुरुवातीला केवळ यादी असावी, आवाज नसावा. दुर्मीळ कंद-मुळांच्या जागांचे तपशील यादीतूनही वगळावेत. ज्या घराण्याने परवानगी दिली तेवढेच खुले व्हावे, आणि दिलेली परवानगी मागेही घेता यावी. वनस्पतींची नावे आधी वारलीत, मग मराठीत, मग लॅटिनमध्ये. ग्रंथालय हे मान्य करणार नसेल, तर १९८२ साली स्थापन झालेले आणि आता गुरुग्रामला असलेले लोकसंगीत-ध्वनिमुद्रणांचे अभिलेखागार आहे. ठेवणाऱ्याच्या अटींसह सामग्री सांभाळण्याचा त्यांना अनुभव आहे.

खुले_दालन

मुसळीचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. यादी खुली आणि आवाज परवानगीने, हे मला मान्य आहे. यादीसुद्धा बंद ठेवली असती, तर मी भांडलो असतो.

जुनी_वही (प्रश्नकर्ती)

सर्वांची आभारी आहे. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मध्ये शिक्षिका ताईंच्या पाड्यावर दोनदा जाऊन आले. स्पीकर फीत_दुरुस्ती यांनी दिला आणि पहिल्या दिवशी ते स्वतःही आले.

आम्ही शेवळाची कॅसेट लावली. दुसऱ्याच वाक्याला मागून एक आजी म्हणाल्या, ‘ही माझी जाऊ.’ मग बराच वेळ कोणी शेवळाविषयी बोललेच नाही. नंतर त्यांनी आईच्या वहीतली एक चूक काढली. आईने एका मुळीचे नाव लिहून घेताना दोन वेगळी झाडे एक केली होती. आजींनी पान मागवून तिथल्या तिथे दोन्ही वेगळी करून दाखवली. ती दुरुस्ती मी पेन्सिलीने वहीत घातली आहे आणि खाली दुरुस्त करणारीचे नाव लिहिले आहे. आतापर्यंत नऊ आवाजांना नावे मिळाली. त्या घरांना त्यांच्या त्यांच्या कॅसेटची प्रत मेमरी कार्डवर दिली. त्यांपैकी दोन घरांनी ‘हे सगळ्यांना ऐकू दे’ म्हटले, एका घराने ‘विचार करून सांगतो’ म्हटले आणि बाकीच्यांना मी अद्याप विचारलेले नाही, कारण ती वेळ नव्हती. ग्रंथालयाने ठेवीची अट तत्त्वतः मानली आहे, मसुदा यायचा आहे.

कॅसेट २३ मधील भगतांचे नातू चांदिवलीला सापडले. मी त्यांना झाले ते सर्व सांगितले, मी ऐकले हेही. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की, भातकापणी झाली की गावाकडून काका येतील, तेव्हा आम्ही दोघेच ऐकू आणि काय करायचे ते सांगू. तोपर्यंत ती कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवली आहे. फीत_दुरुस्ती, त्या पुड्या किती दिवसांनी बदलाव्यात, एवढे कृपया कळवावे; येथे पाऊस अजून थांबलेला नाही.